बिनमायेचा दिस

खोटं बोलणं दीपाच्या अंगात नव्हतं. पण अशी माणसं एकदा चाचरत खोटं बोलली आणि ते पचलं, की मग रतीब घातल्यासारखी रोज बोलतात. तिचंही तसंच झालं.

आता खोटं तरी केवढं? संध्याकाळी पाटावर बसताना तिचे सासरे विचारायचे, "ऊन हाय का गं अजून?" आणि ती तव्यावरची भाकरी उलटत म्हणायची, "हाय की आप्पा. कट्ट्यावर हाय." कट्ट्यावर ऊन नसायचं. कधी दोन मिनिटांपूर्वी गेलेलं असायचं, कधी दहा. आप्पांना दिसत नव्हतं, म्हणून ते असायचं.

आप्पा म्हणजे जयपाल टेलर. कोल्हापुरात पापाच्या तिकटीजवळच्या एका बोळात त्यांनी चाळीस वर्षं कापड कापलं. काचबिंदूने आधी कडेकडेचं दिसेनासं केलं, मग मधलंही नेलं, तेव्हा दुकान बंद करून ते गडमुडशिंगीला मुलाच्या घरी आले. मशीन विकलं, पण कात्री सोबत आणली. दहा इंची, वजनदार, मुठीवरचा काळा रंग अंगठ्याने घासून उडालेला. ती उशाशी असायची. हातात घेऊन ते नुसती उघडमीट करत बसायचे, खच्च, खच्च. तो आवाज थांबला की आप्पांना झोप लागली असं घरात समजायचं.

विसाव्या वर्षी त्यांनी मुनीमहाराजांसमोर नेम घेतला होता. सूर्य मावळल्यावर अन्न नाही, पाणीही नाही. जैनांच्या घरी ही काही अप्रूपाची गोष्ट नव्हे. पण कुणी सोयीने पाळतं, कुणी चातुर्मासापुरतं. आप्पांनी छप्पन्न वर्षं रोज पाळलं. स्वतःच्या लग्नाला जाताना वऱ्हाडाची गाडी वाटेत बंद पडली आणि पोचेपर्यंत अंधारलं, तर नवरदेव उपाशी झोपला. डोळे होते तोवर रोज स्वतः पायरीवर येऊन ते पश्चिमेकडे बघायचे. डोळे गेल्यावर ते काम सुनेकडे आलं.

आणि सून कोल्हापुरात, शाहूपुरीतल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होती. नवरा सम्मेद शिरोलीच्या फाउंड्रीत, दुसऱ्या पाळीला. दोन हजार सात साली कॉम्प्युटर शिकणाऱ्यांची अशी झुंबड उडाली होती की क्लासच्या मालकाने राखीपौर्णिमेपासून संध्याकाळची एक बॅच वाढवली. ती सुटायची पावणेसहाला. केएमटीची बस धरून दीपा घरी पोचायची तेव्हा दिवस कलंडलेला असायचा, आणि पीठ मळून पहिली भाकरी उतरेपर्यंत त्याचा निकाल लागलेला असायचा. म्हाताऱ्या माणसाला साखरेची गोळी चालू. त्याला उपाशी झोपवायचं? पाप लागायचं तर मला लागू दे, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

एका संध्याकाळी आप्पांनी दुसरा घास दोडक्याच्या भाजीला लावला आणि बांग सुरू झाली. गावातल्या मशिदीचा भोंगा पावसाळाभर मुका होता. रमजान तोंडावर आला म्हणून नेमका त्या दुपारी दुरुस्त झाला होता. आप्पांनी चाळीस वर्षं तिकटीला मुसलमान शेजाऱ्यांच्या मांडीला मांडी लावून काढलेली. सांजेची बांग सूर्य बुडाल्यावरच होते हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्यांनी घास ताटात ठेवला, चूळ भरली आणि विचारलं, "किती दिवस?"

दीपाची भाकरी तव्यावर करपली. "पंधरा दिवस, आप्पा."

ते ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं. पण ओरडण्याचा त्यांचा स्वभावच नव्हता.

"मायेनं केलंस, मला ठावं हाय," ते म्हणाले. "पर हे बघ. सदरा बेतताना आम्ही शिलाईत अर्धा इंच कापड जादा सोडतो. त्यालाबी मायाच म्हणत्यात. उद्या अंग सुटलं तर उसवून सैल करायला. कापडात माया पायजेच. नेमात माया सोडली की नेमच उसवतोय, पोरी."

दुसऱ्या दिवसापासून ते एकदाच जेवायला लागले, दुपारी. संध्याकाळी दीपाने कितीही वेळेवर ताट वाढलं, शपथा घेतल्या, पाया पडली, तरी उत्तर एकच: "भूक न्हाय." शेजारच्या आक्का येऊन म्हणाल्या, "आप्पा, मी सांगीन की ऊन हाय का न्हाय ते." आप्पा म्हणाले, "तूबी माया करतीस की माझ्यावर." सम्मेद म्हणाला, मोबाईलवर गजर लावून देतो. आप्पांनी विचारलं, "दिस रोज सरकतोय. रोज गजर लावणारा हात कुणाचा?"

आठ दिवसांत अंगातला सदरा ढगळ झाला. ते त्यांनीच बोटांनी चाचपून सांगितलं, "दोन बोटं सैल झालाय." टेलरचं माप कधी चुकत नाही. गोळीवर पोट रिकामं ठेवल्याने दोनदा घेरी आली. डॉक्टर म्हणाले, दोन वेळा खाल्लंच पाहिजे, नाहीतर एक दिवस हा माणूस उठायचा नाही. दीपा ते ऐकून दवाखान्याच्या पायरीवर बसून रडली. खोटं बोलून तिने आप्पांना वीस-पंचवीस घास जास्तीचे खाऊ घातले असतील. त्यापायी आता त्यांचं अर्धं अन्न तुटलं होतं.

मग तिने डोकं चालवलं. ती क्लासमध्ये जावा शिकवायची. साध्या बटणांच्या मोबाईलवर जे गेम चालतात ते याच भाषेत लिहितात हे तिला ठाऊक होतं. सूर्यास्ताचं गणित तिने इंटरनेटवरून काढलं. भिंतीवरच्या कॅलेंडरचा उपयोग नव्हता, त्यात मुंबईचा सूर्यास्त छापलेला. कोल्हापूरचा सूर्य पाच-सहा मिनिटं आधीच बुडतो. तीनशे सहासष्ट दिवसांचा तक्ता करून तिने तो प्रोग्रॅममध्ये भरला. नाव दिलं "दिस". सूर्यास्ताला दहा मिनिटं उरली की एकदा वाजेल, सूर्यास्ताला दोनदा. एकदा चालू केला की कुणाचा हात लागायला नको. आवाज कसला घालावा? आप्पा दुपारी अंगणात बसले असताना तिने त्यांच्या उशाची कात्री उचलली, मोबाईलपाशी नेली आणि उघडमीट केली. खच्च.

सगळं झाल्यावर तिने एक आकडा आणखी लिहिला. आप्पांना कवळीमुळे जेवायला वेळ लागतो. चार मिनिटं पुढे ढकलली तर कुणाचं काय बिघडणार होतं? प्रोग्रॅममध्ये प्रत्येक आकड्याला नाव द्यावं लागतं. तिने नाव दिलं "माया". सवय सहजी सुटत नाही, ती अशी.

क्लासच्या कॉम्प्युटरवरून मोबाईलमध्ये काही घालायची सोय नव्हती. त्यासाठी दस्तगीर होता. दस्तगीर मुजावरचं दुकान स्टँडाजवळ, कपाटाएवढं. आत एक कॉम्प्युटर, दहा तऱ्हेच्या वायरी आणि एक स्टूल. मोबाईलच्या सॉफ्टवेअरचं म्हणून वेगळं दुकान असतं, तिथे खातं काढावं लागतं, तिथे परवानगी लागते, असलं काही तेव्हा कोल्हापुरात कुणाच्या गावीही नव्हतं. गाणी, रिंगटोन, गेम, सगळं दस्तगीरकडे मिळायचं, आणि तिथून पुढे ब्लूटूथवर. दोन माणसं आपापले मोबाईल पाठीला पाठ लावून, श्वास धरून उभी असत; जरा लांब धरला तर सांडेल अशी त्यांची समजूत. दस्तगीरने लाख वेळा सांगितलं, चिकटवायला लागत न्हाय, पर लोक ऐकत नसत.

"हे काय, म्याडम? गेम हाय?" त्याने विचारलं.

"दिस बुडायची वेळ सांगतंय," दीपा म्हणाली. "आमच्या आप्पांसाठी."

दस्तगीरने तिच्याकडे पाहिलं. रोज्याचे दिवस, त्याचे ओठ सुकलेले. त्याने आप्पांच्या मोबाईलमध्ये ते घातलं, आणि रेडिओवरच्या वेळेच्या टोल्यांवर मोबाईलचं घड्याळही लावून दिलं. मोबाईलने इंग्रजीत विचारलं, हे अनोळखी ठिकाणचं आहे, भरवशाचं नाही, तरी टाकू का? दस्तगीरने "टाक" म्हटलं. कुणाचंही कुठलंही सॉफ्टवेअर टाकताना मोबाईल हेच विचारायचा आणि सगळे हेच उत्तर द्यायचे.

त्या संध्याकाळी आप्पांनी मोबाईल मांडीवर घेतला. कात्री वाजली तसे ते हसले, कितीतरी दिवसांनी. दीपाला वाटलं, जमलं. मग त्यांनी शांतपणे विचारलं, "ह्यात माया किती ठिवलीयस?"

आकडा लिहिताना दीपा एकटीच होती. दार बंद होतं. आणि या आंधळ्या माणसाने अचूक तिथेच बोट ठेवलं.

"चार मिनिटं," ती म्हणाली.

"काढ म्हटलं तर काढशील. आनि काढली म्हणून सांगशीलबी. पर मला दिसतंय व्हय?" त्यांनी मोबाईल तिच्याकडे सरकवला. "ऱ्हाऊ दे. तुझा हात लागलाय त्याला. मोबाईलमधनं पुसून टाक."

आठवड्याने ती आपल्या मोबाईलचं काहीतरी दुरुस्त करायला दस्तगीरकडे गेली, तर तो वाटच बघत होता.

"म्याडम, तुमचा दिस चार मिनिटं मागं पडतोय."

"तुम्हाला कसं कळलं?"

"मला न्हाय, पोरांना. मशिदीच्या कागदावर वेळ छापल्याली असतीया. घरात असलं की बांग ऐकू येतीया, पर फाउंड्रीत, ट्रकवर, उसाच्या रानात कुठली बांग? म्हणून मी दिला चार जणांना. तर पोरं रोज येऊन माझ्याशी भांडत्यात. दस्तगीर, दिवसभर पाण्याचा थेंब न्हाय, आनि तू आनखी चार मिनिटं कशापायी ठिवतोस?"

उपाशी माणसासारखं घड्याळ नाही, हे दीपाला त्या दिवशी कळलं. पण तिने विचारलं ते दुसरंच. "चार जणांनाच दिलात ना?"

दस्तगीर ओशाळला. त्याच वेळी स्टुलावर एक पाहुणा चार्जर बघत बसला होता, आजऱ्याचा, काजूच्या कारखान्यातला. त्याने आपला मोबाईल पुढे केला. "ह्यो न्हवं दिस? माझ्यातबी हाय की."

"पावणं, तुम्हाला कुणी दिला?" दीपाने विचारलं.

"कृष्णात म्हणून हाय एक, त्यानं. आमच्यातच कामाला हाय."

"त्याला?"

"शिरोळच्या पावण्यानं. बारशाला गेलता तितं. तितल्या जैनांच्यात तर घराघरात हाय म्हणं. दिस बुडायच्या आत जेवायचं असतंय न्हवं त्यांचं? तवा लई सोयीचं पडतंय बायकांना."

आठ दिवस झाले होते फक्त. तिने ते एका माणसासाठी लिहिलं होतं, आणि त्या एका माणसाने ते घेतलं नव्हतं. आणि इकडे ते शिरोळला जाऊन, बारशाला जेवून, आजऱ्याच्या डोंगरात चढून परत स्टँडावर आलं होतं. कुणी कुणाला पैसे दिले नाहीत, कुणी जाहिरात केली नाही. पाठीला पाठ लावून माणसं उभी राहिली आणि ते एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलं. आनंद किती आणि भीती किती, ते तिलाही सांगता आलं नसतं.

कारण शिरोळच्या त्या घराघरांतली माणसं तिच्या चार मिनिटांवर विसंबून दिवस बुडाल्यावर जेवत होती. मुसलमान पोरांनी भांडून सांगितलं तरी. जैनांतलं कोण सांगणार? जेवायला चार मिनिटं जास्त मिळाली तर तक्रार कोण करतं? एकट्या आप्पांचा नेम मोडला म्हणून ती रडली होती, आणि आता तिने न पाहिलेल्या शेकडो माणसांचा नेम ती मोडत होती. परत कसं बोलवायचं? ज्यांना दिला त्यांची नावं कुणाकडे नव्हती. शब्द आणि हे, दोन्ही एकाच जातीचे. तोंडातून गेला की गेला.

दुसऱ्या दिवशी तिने माया काढली. शून्य लिहिलं नाही, तो आकडाच पुसून टाकला. खात्रीला तीन दिवस बस टेंबलाईला सोडून टेकडीवर गेली आणि घड्याळ हातात धरून सूर्य बुडताना बघत उभी राहिली. तिन्ही दिवस कात्री वाजली आणि लाल कड दिसेनाशी झाली, अगदी एकदमच. मग ती नवी फाईल घेऊन दस्तगीरकडे गेली आणि खरं काय ते सगळं सांगून टाकलं. माया म्हणजे काय, कुणासाठी ठेवली, सगळं.

दस्तगीरने ती फाईल आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. मग म्हणाला, "ज्या वाटंनं गेलाय त्याच वाटंनं दुसरा पाठवायचा. दुसरा इलाज न्हाय." त्याने फाईलला नाव दिलं "बिनमाया". दुकानात गाण्याला येईल त्याला तो आधी बिनमाया टाकून देई, घड्याळ लावून देई आणि दम भरी, "जुना ज्याच्याकडनं घेतलास त्याला ह्यो नेऊन दे. रोज्याची गोष्ट हाय." जैन गिऱ्हाईक असलं तर म्हणे, "नेमाची गोष्ट हाय." माणूस बघून शब्द बदलायचा, बाकी दम तोच.

हे सगळं दीपाने घरी सांगितलं नाही. सांगून उपयोग काय? आप्पा म्हणाले असते, तू म्हणतीस म्हणून. ते दिवसेंदिवस हलके होत चालले होते. कात्रीचा आवाजही दुपारी लवकर थांबायला लागला.

रमजान संपायला दोन-तीन दिवस होते. आप्पांना कोल्हापूरला डॉक्टरांना दाखवून दीपा परतीच्या बसमध्ये बसली. बस गच्च. फाउंड्रीतले कामगार, बाजार करून निघालेल्या बायका, कॉलेजची पोरं. आभाळ भरून आलेलं, त्यामुळे बाहेर उजेड आहे की अंधार हे डोळसांनाही नीट सांगता येत नव्हतं. आप्पांना खिडकीजवळ जागा मिळाली. त्यांच्या शेजारी एक दाढीवाला माणूस मांडीवर कागदाची पुडी घेऊन बसला होता. दीपा दांडीला धरून उभी.

उचगावचा पूल मागे पडला आणि मागच्या बाकावर कुठेतरी आवाज झाला. खच्च.

आप्पांनी मान वर केली.

मग पुढून, खच्च. डाव्या बाजूने. ड्रायव्हरच्या मागून. दाढीवाल्याच्या खिशातून. अर्ध्या मिनिटाच्या आत त्या धावत्या बसमध्ये दहा-बारा ठिकाणी कात्री वाजली. दीपा एकेका आवाजाकडे वळून बघत राहिली. एकत्र असं तिने कधी ऐकलंच नव्हतं. या वेळेला ती नेहमी एकतर पळत असायची, नाहीतर चुलीशी.

"कोण कापड कापतंय?" आप्पांनी विचारलं. मग हळूच म्हणाले, "ही माझी कात्री हाय."

"कापड न्हवं, आजोबा," शेजारचा म्हणाला. "मोबाईल हाय. दिस बुडायला धा मिनटं ऱ्हायली म्हणतोय." त्याने पुडी उघडली, त्यात खजूर होते. पलीकडच्या बाकावर एका जैन बाईने पिशवीतून डबा काढला आणि भराभर जेवायला सुरुवात केली. एकजण उपास सोडायची तयारी करत होता, दुसरी दिवसाचं शेवटचं जेवण उरकत होती. दोघांनी एकाच आवाजावर डबे उघडले होते.

"पावणं," आप्पा म्हणाले, "ह्याच्यावर रोजा सोडता तुम्ही?"

"रोज. धा-पंधरा दिस झालं की."

"आनि ह्यो चुकला तर?"

तो माणूस हसला. "आजोबा, अलीकडं गेला तर दिवसभराचा रोजा पाण्यात. पलीकडं गेला तर पोट बोंब मारतंय. चुकून जातोय कुठं? पयला एक आलता, चार मिनटं मागं. आम्हीच भांडून दुरुस्त करून घेतला. ह्यो बिनमाया हाय."

"काय हाय?"

"बिनमाया. पयल्यात कुणीतरी चार मिनटं जादा ठिवली हुती, कुणाच्या तरी मायेपोटी. ती काढली."

आप्पांचा चेहरा दांडीकडे वळला, दीपा उभी होती तिकडे. त्यांना दिसत नव्हतं हे बरं, कारण ती कानापर्यंत तापली होती.

मग कात्री दोनदा वाजली, बसभर. खच्च खच्च. दाढीवाल्याने डोळे मिटून ओठ हलवले आणि खजूर तोंडात घातला. मागे कुणीतरी बाटलीचं बूच उघडलं. पलीकडच्या बाईने भाकरीचा राहिलेला तुकडा डब्यात ठेवून झाकण लावलं, घट्ट दाबून. एका मिनिटाच्या धारेवर ही सगळी माणसं उभी होती, अर्धी अलीकडे आणि अर्धी पलीकडे, आणि कुणी कुणाला विचारलंसुद्धा नव्हतं. दीपाला रडू फुटलं. तिने डोळे पदराने पुसले.

आप्पा बोटांवर काहीतरी मोजत होते. टेलरला मोजायची सवय असते. बस मणेर मळ्याच्या थांब्यावर थांबली, दोघं उतरले, तिघं चढले, बस हलली. आणि मग, सगळं शांत झाल्यावर, पार मागच्या दाराशी एकटीच कात्री वाजली. खच्च खच्च.

सगळी बस हसली. कुणीतरी ओरडलं, "अरं, माया लई झाली तुझी! बिनमाया टाकून घे की मर्दा!"

आप्पा हसले नाहीत. "चार मिनटं," ते स्वतःशी म्हणाले. "बराबर चार." तिने कबूल केलेला आकडा त्यांनी स्वतःच्या बोटांवर मोजून घेतला होता, आणि तो काढलेला आहे हे दहा-बारा परक्या खिशांनी त्यांना सांगितलं होतं. त्यांनी सदऱ्यातून आपला मोबाईल काढून शेजाऱ्यापुढे धरला. "पावणं, ह्यात घाला. तुमच्यातलाच घाला. सुनेजवळबी असंल, पर मला तुमचा पायजे."

शेजाऱ्याने आपला मोबाईल आप्पांच्या मोबाईलच्या पाठीला लावला. दोघंही श्वास धरून बसले. थोड्या वेळाने तो म्हणाला, "आलं. आता इचारतोय, ह्यो भरवशाचा न्हाय, तरी टाकायचा का?"

"खरं बोलतोय की बिचारा," आप्पा म्हणाले. "टाका."

दुसऱ्या दिवशी दीपाने क्लासच्या मालकाला सांगून संध्याकाळची बॅच सोडून दिली आणि सकाळची घेतली. पाचलाच घरी येऊन तिने पाट मांडला. आप्पा येऊन बसले. ऊन आहे का, असं त्यांनी विचारलं नाही. मोबाईल शेजारी उपडा ठेवला आणि जेवायला लागले. एक भाकरी संपली. दीपा दुसरी वाढायला भीत होती, पण त्यांनी हात पुढे केला. कात्री एकदा वाजली, तेव्हा त्यांनी आमटी ओरपून संपवली आणि तांब्याभर पाणी प्यायलं. दोनदा वाजली, तेव्हा चतकोर भाकरी ताटात होती. ती तशीच ठेवून ते उठले.

"उद्या थोडी आधी वाढ," हात धुता धुता ते म्हणाले. "चतकोर वाया गेली."

"व्हय, आप्पा."

ते पुन्हा पाटाशी येऊन बसले. "बसमधी समदी म्हणत हुती, माया काढली म्हणून."

"काढली की, आप्पा. खरंच काढली."

"कुठं काढलीयस?" ते म्हणाले. "वेळंतनं काढलीस आनि समदी माझ्या कात्रीत भरून ठिवलीस. शिरोळपातूर वाजतीया म्हणं." त्यांनी ओला हात चाचपत पुढे आणून तिच्या डोक्यावर ठेवला. "तितंच ठिवायची असती. आता कळलं तुला बेतायला."

दीपा तशीच बसून राहिली, पिठाचे हात मांडीवर धरून. तेवढ्यात मशिदीवर बांग सुरू झाली, आणि आप्पांचं जेवण तोवर उरकलेलं होतं.